पाय उबदार झाला, पुढे काय?

उत्साही : मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला आपण आजवर काय देत आलो? साखर आटोक्यात ठेवा, बी-बारा घ्या, आग होत असेल तर प्रीगॅबालिन नाहीतर ड्युलोक्सेटीन घ्या, आणि पायाला जपा. साखर आटोक्यात आली म्हणून गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. गोळ्या वेदना दाबतात, पण दिवसभर झापड येते, म्हणून बरीच माणसं त्या मध्येच सोडतात. अशा माणसाच्या पायाला बाहेरून हलकी वीज देऊन चेतातंतू जागे करावेत आणि त्यांच्या आधाराने रक्तपुरवठा वाढवावा, ही कल्पना काही टीव्हीवरच्या जाहिरातवाल्यांनी शोधलेली नाही. चेतातंतू रक्तवाहिन्यांना आवळतात आणि सैल करतात, हे शरीरशास्त्राला पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. १९०१ मध्ये बेलिस यांनी कुत्र्याच्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या मागच्या मुळांना, म्हणजे संवेदना वाहून आणणाऱ्या तंतूंना, वीज दिली आणि मागच्या पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या. जो तंतू फक्त बातमी वर नेतो असं वाटत होतं, तो खाली हुकूमही देतो हे त्यातून दिसलं. पुढे १९२७ च्या आपल्या पुस्तकात थॉमस लुईस यांनी त्वचेवर ओरखडा काढल्यावर भोवती जी लाली पसरते, ती याच तंतूंचं काम आहे असं मांडलं. आणि १९८२ मध्ये नॉर्वेच्या बिर्गर काडा यांनी हाताच्या अंगठ्याजवळ त्वचेवरून वीज देणाऱ्या टेन्स यंत्राचे पॅड लावले, तर मधुमेही न्यूरोपॅथीच्या, म्हणजे मधुमेहाने चेतातंतू खराब झालेल्या, रुग्णांच्या पायाची बोटं गरम झाली. वीज हाताला दिली आणि ऊब पायाला आली! ही ऊब काही तास टिकली. एवढा धागा हाती असताना तुम्ही हात आखडता का घेता?

साशंक : धागा खरा आहे. पण तुम्ही तो बेलिसपासून धरलात, मी अजून मागे जातो. १८५१ च्या सुमारास क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला, रक्तवाहिन्या आवळणारा सिम्पथेटिक तंतू कापला आणि त्या बाजूचा कान गरम झाला. लगेच पुढच्या वर्षी ब्राउन-सेकार यांनी त्याच तंतूला वीज दिली आणि कान गार पडला. म्हणजे वीज दिली की रक्त वाढतं, असा काही नियम नाही. कोणता तंतू, कुठे, किती वारंवारतेने, यावर सगळं ठरतं. आणि कापल्यावर कान गरम झाला, हा भाग माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे, कारण मधुमेह पायात नेमकं तेच करतो. सिम्पथेटिक तंतू हळूहळू मरतात, रक्तवाहिन्यांवरचा लगाम सुटतो. म्हणून न्यूरोपॅथीचा पाय बहुतेक वेळा गार नसतो. हात लावून बघा : उबदार, कोरडा, घाम नाही, टाचेला भेगा, वरच्या शिरा टरारून फुगलेल्या, आणि नाडी बोटाला ठसठशीत लागते. शेफील्डमध्ये बोल्टन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अशा पायांच्या शिरांमधलं रक्त काढून तपासलं, तर त्यात प्राणवायू नको तेवढा शिल्लक होता. धमनीतून आलेलं रक्त केशवाहिन्यांत न शिरता आडवाटेने परत शिरेत जात होतं. कालव्याला भरपूर पाणी सुटलंय, पण टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं, असा हा प्रकार. तिथे तुम्ही धरणाचा आणखी एक दरवाजा उघडून काय साधणार?

आणखी एक सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे मायकेल एडमंड्स यांनी १९८३ मध्ये अशा सुजलेल्या पायांना एफेड्रीन दिलं. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे रक्त कमी करतं. आणि सूज उतरली. तुमच्या यंत्राच्या बरोबर उलट दिशेने जाणारा उपचार, आणि रुग्णाला त्याचा फायदा!

उत्साही : तुम्ही एकाच प्रकारचा पाय समोर ठेवलात. साठीपुढचा, पंधरा-वीस वर्षं मधुमेह असलेला, तंबाखू खाणारा किंवा बिडी ओढणारा माणूस घ्या. त्याचे तंतूही गेलेत आणि गुडघ्याखालच्या धमन्याही चुन्याने भरल्यात. तिथे वरचा दरवाजाच गंजलाय. असे दुहेरी पाय आपल्याकडे काही थोडे नाहीत. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं सांगितलं. त्यातल्या थोड्या टक्क्यांचे पाय असे असले तरी आकडा किती होतो ते बघा.

शिवाय आडवाटेचा तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. एकूण रक्त किती येतं हा प्रश्न नाहीच, केशवाहिन्यांत किती शिरतं हा आहे. म्हणून जाणकार मंडळी आता थर्मामीटर लावत नाहीत, त्वचेवर चकती चिकटवून तिथे झिरपणारा प्राणवायू मोजतात. अमेरिकेत एडगर पीटर्स, लॅव्हरी, आर्मस्ट्राँग यांच्या गटाने १९९८ मध्ये नेमकं हे केलं. ज्यांचा पुरवठा मुळातच कमी होता, त्यांच्यात विजेनंतर प्राणवायू वाढलेला दिसला. पुढे २००१ मध्ये त्यांनीच पायाला जखम असलेल्या ४० मधुमेहींना चांदीच्या धाग्यांचा मोजा देऊन रात्रभर मंद वीज दिली. निम्म्यांच्या मोज्यात वीज होती, निम्म्यांच्या मोज्यात नव्हती. बारा आठवड्यांत वीजवाल्यांपैकी ६५ टक्क्यांच्या जखमा भरल्या, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांच्या.

साशंक : आकडे बरोबर सांगितलेत, पण दोन गोष्टी गिळल्यात. १९९८ च्या त्या अभ्यासात प्राणवायू वाढला तो विजेनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, नंतर फरक राहिला नाही. आणि २००१ चा ६५ विरुद्ध ३५ हा हिशेब म्हणजे वीस-वीस माणसांत १३ आणि ७. संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबलेला. आशा वाटावी एवढा, विश्वास ठेवावा एवढा नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत वीज, चुंबक, ध्वनिलहरी या सगळ्यांबद्दल स्पष्ट म्हटलंय की नेहमीच्या चांगल्या उपचारांऐवजी हे वापरू नका.

मला धास्ती वाटते ती अवरक्त दिव्यांची गोष्ट आठवून. दोन हजारच्या आसपास अमेरिकेत पायाला गुंडाळायच्या दिव्यांच्या पट्ट्या आल्या. हा प्रकाश नायट्रिक ऑक्साइड मोकळा करतो, रक्त वाढतं, संवेदना परत येते, असं सांगितलं जाई. सुरुवातीचे अभ्यास बहारदार होते. रुग्ण शपथेवर सांगायचे की पाय पुन्हा जमिनीला लागल्यासारखा वाटतो. मग लॅव्हरी यांच्याच गटाने खरे दिवे आणि बंद दिवे अशी तुलना करून २००८ मध्ये निकाल दिला : फरक नाही. रुग्ण खोटं बोलत नव्हते. ज्या पायाकडे दहा वर्षं कुणी बघितलं नाही, त्याच्याकडे रोज अर्धा तास लक्ष दिलं की तो बरा वाटतोच.

आणि तुमच्या शास्त्रातही एक भोक आहे. लुईस यांची लाली उमटवणारे ते बारीक तंतूच मधुमेहात लवकर मरतात. न्यूरोपॅथीच्या पावलावर हिस्टामीन टोचलं तर निरोगी माणसाइतकी लाली पसरत नाही, त्याची तर आता चाचणीच झाली आहे. म्हणजे ज्या तारेतून हुकूम जायचा ती तारच तुटलेली. वीज देणार कुणाला?

उत्साही : हा आक्षेप जड आहे, टाळत नाही. पण तंतू मरतो तो टोकाकडून. मधुमेहाची न्यूरोपॅथी आधी बोटांना धरते, मग पावलाला, मग मोज्यासारखी वर चढते. पाऊल पुरतं बधिर झालेल्या माणसाच्याही गुडघ्यापाशी तंतू बऱ्यापैकी जिवंत असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं बोटाला लागतं, त्याला वळसा घालून एक मोठा तंतू खाली जातो. ब्रिटनमध्ये तिथे चिकटवायचं घड्याळाएवढं यंत्र आहे. सेकंदाला एकदा झटका देतं आणि पाऊल किंचित वर उचलतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त बोटं हलताना दिसतात, पण आत पोटरीच्या स्नायूंचा पंप चालू असतो. शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांतला दाब उतरला की धमनीकडून येणाऱ्याला वाट मोकळी होते. २०१४ मध्ये तिथल्या नाइस या सरकारी संस्थेने या यंत्राला मान्यता देणाऱ्या सूचना काढल्या. इथे मेलेल्या बारीक तंतूंची गरजच नाही, स्नायूंकडे जाणारे जाड तंतू पुरतात.

साशंक : नाइसने मान्यता दिली ती शिरांत गुठळी होऊ नये म्हणून, तीही जिथे दुसरे उपाय करता येत नाहीत अशा रुग्णांसाठी. मधुमेही पावलासाठी नाही. एका कामाचा दाखला दुसऱ्या कामाच्या दुकानात लावायचा, ही यंत्रवाल्यांची जुनी खोड. आणि पोटरीचा पंप चालवायला माणूस उठून चालला तरी पुरतं की! त्याला विजेचं बिल येत नाही.

उत्साही : चालायचं? ज्याच्या तळव्याला जखम आहे त्याला तुम्हीच सांगता, पाय टेकू नका, सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहा. तो माणूस खुर्चीत बसून असतो, पाय लोंबतो, सूज चढते, पोटरी वाळते. वजन न टाकता पोटरी हलवणारं काहीतरी त्याला नको का?

साशंक : हा मुद्दा मात्र मानला. बसून राहायला सांगितलेल्या माणसाच्या पोटरीचं काय, याचं आम्हा लोकांकडे धड उत्तर नाही. तिथे तुमचं यंत्र तपासून बघण्यासारखं आहे. फक्त त्याला रक्ताभिसरणाचा उपचार म्हणू नका, बसून राहण्याने होणारं नुकसान कमी करायचा उपाय म्हणा. आणि पॅड बधिर कातडीवर लावू नका. ज्याला गरम पाण्याच्या पिशवीने फोड आलेला कळत नाही, त्याला पॅडखाली कातडी भाजली तर काय कळणार?

उत्साही : म्हणून तर गुडघ्यापाशी लावायचं म्हणतोय. असो. आता मी वर जातो, थेट मज्जारज्जूकडे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेचे संदेश मज्जारज्जूत अडवणारा ‘दरवाजा’ मांडला, १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी पहिला इलेक्ट्रोड कण्यात बसवला. आणि १९७० च्या दशकात लक्षात आलं की वेदनेसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडने पाय गरम होतात, जुन्या जखमा भरतात. तेव्हापासून बायपास करता न येणाऱ्या पायांवर हा उपचार होतोय. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सुमारे ४५० रुग्णांचे अभ्यास एकत्र केले, तर वर्षभरानंतर वाचलेल्या पायांचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी जास्त निघालं. पाय कापण्याच्या उंबरठ्यावरच्या शंभर माणसांत अकरा पाय. तुम्ही ते सोडून द्याल?

साशंक : त्यातला सगळ्यात मोठा अभ्यास हॉलंडचा, १२० रुग्णांचा, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात पाय वाचवण्यात काहीही फरक नव्हता. लहान अभ्यास मिळवले की ११ टक्के दिसतात. आणि सिम्पथेटिक लगाम सैल करणं हे या उपचाराच्या कामाचं एक स्पष्टीकरण आहे. मधुमेहाने तो लगाम आधीच कापलेला असेल, तर सैल करायला उरलंय काय?

उत्साही : म्हणूनच निवड करायची. २००३ मध्ये युरोपातल्या ११२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांनी आधी तात्पुरता इलेक्ट्रोड लावला आणि त्वचेतला प्राणवायू वाढतो का ते बघितलं. ज्यांचा वाढला त्यांना कायमचा बसवला, तर वर्षानंतर ७८ टक्के पाय शाबूत होते. ज्यांना इलेक्ट्रोड दिलाच नाही त्यांचे ४५ टक्के. तुमच्या लगामाच्या शंकेचं उत्तर प्रत्येक पाय स्वतःच देतो. वाढला तर हो, नाही वाढला तर नाही.

साशंक : चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. ज्या पायात प्राणवायू वाढायची ताकद शिल्लक होती, तो पाय कदाचित इलेक्ट्रोडशिवायही वाचला असता. चांगली जमीन निवडून मग खताची जाहिरात केल्यासारखं, असं मी म्हणणार होतो, पण उगाच चिमटा नको. आधी मोजा, मग ठरवा, ही शिस्त मला पटते. एवढं मात्र म्हणेन की ही शिस्त काही लाखांच्या यंत्राला लावता, तर काही हजारांच्या यंत्रालाही लावा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर विजेच्या फळीवर उभं करून ‘झिणझिण्या आल्या ना, म्हणजे रक्त फिरतंय’ म्हणणारा कुणाची नाडी बघतो?

(या प्रश्नावर दोघांचं एकमत आहे, आणि माझंही. झिणझिण्या म्हणजे रक्त नव्हे. निरोगी माणसाने फळीवर पाय ठेवला तरी त्या येतात.)

उत्साही : स्टॉलवाल्यांची वकिली मी करत नाही. पण वेदनेचं तरी मान्य कराल? २०२१ मध्ये जामा न्यूरॉलॉजीत २१६ रुग्णांची चाचणी आली. वर्षभर गोळ्यांनी न हटलेली मधुमेही वेदना. निम्म्यांना सेकंदाला दहा हजार स्पंदनांचा मज्जारज्जूचा इलेक्ट्रोड, निम्म्यांना नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी इलेक्ट्रोडवाल्यांपैकी ७९ टक्क्यांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून कमी झाली, दुसऱ्यांपैकी ५ टक्क्यांची. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. साध्या टेन्सबद्दलही अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०१० मध्ये म्हटलं की कंबरदुखीला नको, पण मधुमेही वेदनेला विचार करा. कंबरदुखीला नाकारून इथे हो म्हणणारी संस्था भाबडी नसते.

साशंक : वेदनेचं मान्य. अर्धवट नाही, खरंच मान्य. रात्र रात्र पाय थंड फरशीवर टेकून बसणारी माणसं मी बघितली आहेत. फक्त दोन टिपा. त्या चाचणीचा खर्च यंत्र बनवणाऱ्यांनी केला होता आणि लटका इलेक्ट्रोड कुणालाच बसवला नव्हता. आणि हॉलंडमधल्या २०१४ च्या एका लहान चाचणीत इलेक्ट्रोड बसवताना कण्याच्या आवरणाला छिद्र पडलं, डोक्यात रक्तस्राव झाला आणि एक रुग्ण दगावला. क्वचित घडणारी गोष्ट, पण वेदना काही जिवावर उठत नाही आणि हा उपचार क्वचित उठतो, हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

पण वेदना कमी होणं म्हणजे पाय वाचणं नव्हे. आग होणारा पाय आणि बधिर पाय हे वेगळे रुग्ण आहेत असं लोकांना वाटतं. तसं नसतं. रात्री ज्या तळव्याची आग होते, त्याच तळव्यात दिवसा खिळा शिरलेला कळत नाही. आग थांबली की तो माणूस सुटल्यासारखा चालायला लागतो.

उत्साही : आता माझा शेवटचा आणि मला स्वतःला सगळ्यात जवळचा मुद्दा. बधिरपणा येतो कशाने? साखरेने तंतूंचं थेट नुकसान होतं, हे खरं. पण तंतूंनाही जगायला रक्त लागतं. त्यांच्या आवरणात बारीक रक्तवाहिन्या असतात, मधुमेहात त्यांच्या भिंती जाड होतात. मेयो क्लिनिकच्या फिलिप लो यांच्या गटाने १९८० च्या दशकात मधुमेही उंदरांच्या तंतूच्या आत प्राणवायू मोजला, तो कमी निघाला. म्हणजे हे दुष्टचक्र आहे : रक्त कमी म्हणून तंतू मरतो, तंतू मेला म्हणून रक्तवाहिन्यांची व्यवस्था कोलमडते, त्यामुळे रक्त आणखी चुकीच्या वाटेने जातं. या चक्रात कुठूनतरी हात घालायचा तर विजेने का नाही? आणि त्या २१६ रुग्णांच्या चाचणीत कित्येकांची संवेदना परत आल्याचं तपासणाऱ्यांनी नोंदवलं आहे. मेलेल्या म्हणून सोडून दिलेल्या पायात जर काही जागं होत असेल, तर ते गोळ्यांनी आजवर कधी केलेलं नाही.

साशंक : हे खरं ठरलं तर मी पहिला पेढे वाटीन. पण टाचणी टोचल्यावर ‘हो, लागली’ म्हणणं हे त्या माणसाच्या मनावरही असतं, आणि आपल्याला इलेक्ट्रोड बसवलाय हे त्याला पक्कं माहीत असतं. मनावर नसलेली गोष्ट मोजा. इटलीत बोसी यांच्या गटाने बाहेरून द्यायच्या बदलत्या वारंवारतेच्या विजेवर नेमकं हे केलं. २००५ चा पहिला छोटा अभ्यास सुरेख होता. मग ११० रुग्णांची मोठी चाचणी, खरं यंत्र आणि लटकं यंत्र, २०१३ मध्ये प्रसिद्ध. तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते यंत्राने मोजलं. वेदना थोडे दिवस कमी झाली, वेग तसाच राहिला. तुमच्या चक्रात हात घालून झाला, चक्र हललं नाही.

उत्साही : वेग जाड तंतूंचा मोजतात. बारीक तंतू त्यात येतच नाहीत, आणि रक्तवाहिन्यांचा संबंध बारीक तंतूंशी.

साशंक : बरोबर. मग कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून त्यातले बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, इलेक्ट्रोड बसवण्याआधी आणि दोन वर्षांनी. ते वाढलेले दिसले तर मी हरलो. हाच एक निकाल मला मान्य होईल, पायाचं तापमान नाही.

तापमानाचं इतकं का लावून धरतो, तेही सांगतो. बधिर पायात जखम होण्याआधी आठवडाभर ती जागा गरम होते. आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांनीच रुग्णांना घरी थर्मामीटर देऊन दाखवलं की दोन पायांच्या एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला आणि तो फरक जाईपर्यंत माणूस कमी चालला, तर जखमा कमी होतात. शार्कोचा पाय, ज्यात पावलाची हाडं आतल्या आत मोडून तळवा होडीच्या बुडासारखा होतो, तोही सुरुवातीला नुसता गरम आणि लाल दिसतो. दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. अशा माणसाला कुणी यंत्र दिलं आणि सांगितलं, ‘पाय गरम होतोय ना, मग गुण येतोय’, तर काय होईल?

बधिर पाय जपायचं ज्ञान आपल्याकडे मधुमेहातून आलेलं नाही, कुष्ठरोगातून आलं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. बधिर हातापायांवर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो, भाजतं, रात्री उंदीर कुरतडतात आणि कळत नाही. उपाय काय? एमसीआर रबराची मऊ चप्पल, प्लास्टर, आणि रात्री राखणीला मांजर. रक्त वाढवायचं औषध त्यांनी दिलं नाही. आणि ऐका, वीज त्यांनीही वापरून बघितली होती! पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांनी बधिर हातासाठी दाब मोजणारे हातमोजे केले. दाब वाढला की आधी कानात आवाज व्हायचा, मग जिथे संवेदना शाबूत आहे अशा काखेत विजेचा झटका. रुग्णांनी काय केलं? अवघड काम करायची वेळ आली की झटका बंद करून टाकला. खरी वेदना बंद करता येत नाही, हीच तिची किंमत.

उत्साही : ब्रँड यांचा तो झटका इशारा होता, आमची वीज उपचार आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका. आणि चप्पलेचं इतकं कौतुक करता, तर सांगा, ती घालतं कोण? दवाखान्यात येताना घालतात. घरात शिरताना उंबऱ्याबाहेर काढतात, आणि निम्म्याहून जास्त पावलं तर घरातच पडतात. मेच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तळवे भाजून घेतात. वारीला निघालेल्या आजोबांना चप्पल घाला म्हणून सांगून बघा. तुमचा उपाय सोपा आहे, पण तोही माणूस पाळत नाही. चांदीचा मोजा रात्री झोपेत तरी पायात राहतो.

साशंक : राहत होता का? २००१ च्या त्या चाचणीतच कित्येकांनी मोजा पुरेसे तास वापरला नव्हता. ज्यांनी वापरला त्यांचा निकाल बरा होता, म्हणजे पाळण्याचा प्रश्न तुमच्याकडेही आहे. पण घरातल्या चप्पलेचं तुमचं बोलणं खरं आहे. घरासाठी वेगळी एमसीआर चप्पल आम्ही लिहून देत नाही, ही आमची चूक. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि चार पावलांनी मागे वळून शोधावी लागली, असं कुणी सांगितलं की त्याच दिवशी पाय तपासायला हवा. तिथेही आपण ‘थकवा असेल’ म्हणतो.

उत्साही : मग मला निदान एवढं द्या. पायाला जखम नाही, दोन्ही नाड्या नीट लागतात, पेसमेकर नाही, आणि वेदनेने झोप लागत नाही. अशा माणसाला टेन्सचं यंत्र महिनाभर भाड्याने वापरून बघू दे. रोज रात्री वहीत वेदनेला दहापैकी आकडा लिहायचा. महिन्याने फरक नसेल तर यंत्र परत, भांडण नाही. रक्त वाढेल असं मी त्याला सांगणार नाही. ते अजून सिद्ध करायचंय, आणि मी त्याच्या मागे आहे.

साशंक : चालेल. यंत्र देण्याआधी १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत तळव्याला टेकवून बघा, आणि घोट्याच्या दाबावर विसंबू नका. मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, पट्टा ती दाबू शकत नाही, आकडा खोटाच चांगला येतो. अंगठ्याचा दाब मोजा. आणि ज्याची नाडी लागत नाही, ज्याचं बोट काळं-निळं पडतंय किंवा तळव्याला जखम आहे, त्याने यंत्राच्या दुकानात पाऊल टाकू नये. त्याने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जावं, आणि याच आठवड्यात जावं.